पंधरा नंबरची कॅसेट

२७ मार्च २००६, सोमवार

सात नंबरच सगळ्यात भारी! आज पुन्हा ऐकली, पुन्हा तेच मत. दुसऱ्या कडव्याला गायक चक्क शब्द विसरतो. गिटारवाला तेच तेच घोळवत राहतो, ड्रमवाला सांभाळून घेतो, आणि मग समोरची माणसं – किती असतील, पाच हजार? – त्याचं गाणं त्यालाच म्हणून दाखवतात. तो हसतो. माइकला अगदी तोंड लावून हसतो. स्टुडिओत असं झालं असतं तर थांबवून पुन्हा घेतलं असतं. म्हणूनच मला स्टुडिओतली गाणी नकोत. ती लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंसारखी. हनुवटी वर, मान वाकडी, कुणाला शिंक येत नाही.

बाहेर गोडाउनला ट्रक रिव्हर्स घेतोय. दुपारी बाराला लाइट जाते ती चारपर्यंत येत नाही. इन्व्हर्टरवर पंखे चालतात आणि पंख्याखाली सगळं घर झोपतं. मग मी वॉकमन काढते.

कॅसेटी चौदा. माझ्या मैत्रिणीच्या, वल्लरीच्या भावाने, अनिमेषने, आम्ही ठाण्याला कॉलेजात होतो तेव्हा भरून दिलेल्या. सगळ्या लाइव्ह, सगळ्या रॉक, आणि एकीवरही बँडचं नाव नाही. नुसता नंबर. म्हणायचा, नाव वाचलंस की मत आधीच ठरतं, तू आधी ऐक. तेव्हा राग यायचा. आता वाटतं बरोबर होतं. चौदाच्या चौदा माझ्याच झाल्या.

हल्ली कोण कॅसेट ऐकतं? अख्ख्या काल्हेरात मी एकटी असेन. आणि रॉक ऐकणारी सून तर ठाणे जिल्ह्यात एकटीच!

२९ मार्च

हॉलमधलं घड्याळ बंद पडलं. आक्का – सासूबाई, सगळं घर त्यांना आक्काच म्हणतं – म्हणतात, हल्ली सेल टिकतच नाहीत मेले. गेल्या आठवड्यात टीव्हीचा रिमोट, आता घड्याळ. वॉकमनमधून दोन नंबरच्या कॅसेटवर गेले सगळे.

३१ मार्च

आणि दोन नंबरवर घालवण्याच्या लायकीचे नव्हतेच ते सेल. ड्रमचा एकट्याचा तुकडा, वीस मिनिटं! मी मधे उठून तोंड धुतलं, वाळवणाचे पापड उलटे केले, परत आले, तर हा बडवतोच आहे. एवढं कौतुक करून घ्यायचं नसतं. लोक टाळ्या वाजवतात त्या संपल्याच्या आनंदात, हे त्याला कळत कसं नाही?

त्यापेक्षा नऊ नंबर. छोटा हॉल असावा. ग्लास किणकिणतात, खुर्ची सरकते. एक माणूस पूर्ण वेळ खोकतो. मी त्याचं नाव खोकलेकर ठेवलंय. सगळ्यात हळू गाणं सुरू होतं तेव्हा खोकलेकर दाबून धरतो, धरतो, आणि गाणं संपल्यावरच मोकळा खोकतो. किती सभ्य माणूस! मला त्याला भेटायला आवडेल.

मी एकाही कॉन्सर्टला गेलेली नाही. कॉलेजात असताना सहाच्या आत अंजूरला घरी. आता इथून तर कुठेच नाही. तसं कुणी अडवत नाही. दारात दोन गाड्या आहेत, ड्रायव्हर आहे. कुठे जायचं ते सांग, नेतील, थांबतील, आणतील. एवढंच की एकटं कुठे जायचं नाही.

२ एप्रिल, रविवार

वल्लरीचा फोन! हॉलमधल्या फोनवर, म्हणजे सगळ्यांच्या देखत. ती ठाण्याला एका स्टुडिओत लागलीय. जुन्या कॅसेटी, टेपची रिळं, लोकांच्या घरी पडलेली रेकॉर्डिंग्ज ते कॉम्प्युटरवर घेतात आणि साफ करतात. त्यांना एक माणूस हवाय. डिग्री नको, कान हवेत. 'मी सरांना तुझंच नाव सांगितलंय,' म्हणाली. पंधरा मेपासून. आठ मेपर्यंत हो-नाही कळवायचं.

मी नुसतं हं हं करत होते. आक्का समोर लसूण सोलत होत्या.

फोन ठेवला. तीन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.

३ एप्रिल

आक्कांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'तुला काय कमी हाय गो या घरान? बाळारामाची सून ठान्याला कामाला जातं, लोक काय बोलतील?' सासऱ्यांच्या कानावर घालणारही नव्हत्या, उगीच त्यांचं बीपी वाढेल. विषय संपला. वर मला आवडतात म्हणून संध्याकाळी खास निवट्या मासळीचं कालवण करायला लावलं.

भाविकला विचारलं. नवरा म्हणाला, 'बघू.'

४ एप्रिल

'बघू' म्हणजे काय ते मला तीन वर्षांत नीट कळलंय. लग्नामुळे राहिलेल्या परीक्षेचंही बघूच होतं.

६ एप्रिल

आज सगळा राग तीन नंबरवर काढला. खोटी आहे ती कॅसेट! मला आधीपासून संशय होता. टाळ्यांमध्ये एक जण शिट्टी मारतो, वर जाऊन मोडणारी. नीट मोजलं. अकरा सेकंदांनी तीच शिट्टी. पुन्हा अकरा सेकंदांनी तीच. म्हणजे गाणं स्टुडिओत केलं आणि वरून टाळ्यांची एकच पट्टी फिरवत ठेवली. लाइव्ह म्हणून विकलं! पाच हजार माणसं नव्हतीच तिथे. एक शिट्टीवाला होता आणि तोही दुसरीकडचा.

तेवढ्यात आक्कांच्या बहिणी आल्या. त्यांना दाखवायला आमच्या लग्नाची सीडी लावली. कितव्यांदा ते देव जाणे. आणि मला एकदम हसूच आलं. हीच तर माझी तीन नंबर! हळदीत बायका तोंड उघडून गातायत आणि ऐकू येतं सिनेमातलं गाणं. मंगलाष्टकांवर सनई, तीही विकतची. माझी पाठवणी, तर तिथे रडकं गाणं, पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि मी गाडीपर्यंत पोचते न पोचते तोच सगळं बदामाच्या आकारात मिटून जातं. अख्ख्या लग्नात कुणाचाही खरा आवाज नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. शूटिंगवाला आवाज पुसतो, गाणी भरतो, आणि लोक खूश.

आक्कांच्या बहिणी रडल्या बघून. मी पापड तळायला उठले.

७ एप्रिल

रात्रभर एकच डोक्यात. मी कॉन्सर्टला गेले आहे की! माझ्या लग्नात बँजो पार्टी होती. पिंपळासची. सात माणसं, दोन बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल. हळदीला आणि दुसऱ्या दिवशी पाठवणीला अंगणात समोर उभं राहून वाजवलं त्यांनी. मी नवरी होते म्हणून मान खाली घालून बसले होते, ऐकलंच नाही नीट. मी जिथे स्वतः हजर होते असं एकच लाइव्ह रेकॉर्डिंग या जगात आहे, आणि ते गाण्याखाली पुरून टाकलंय.

मला ते हवंय. गाणी न भरलेलं.

९ एप्रिल

आज रामनवमीनंतरच्या आवराआवरीत दुपार गेली. ऐकायला नाही मिळालं काही. तर लिहिते.

अंजूर इथून रिक्षाने पाऊण तास. मी वर्षातून दोनदा जाते. गणपतीला आणि भाऊबीजेला. आक्का, भाविक, मिठाईचा खोका, गाडी. संध्याकाळी परत. बाबा ओटीवर बसलेले असतात. दर वेळी एकच विचारतात, 'बरी हाय ना?' मी म्हणते, हो. ते मान खाली घालतात. झालं.

मला त्यांच्याशी बोलायचं नसतं, हेही खरं आहे. लग्न मोठ्या भावाने, धनेशदादाने जुळवलं. त्याला काल्हेरच्या माणसांशी सोयरीक हवी होती. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर होती. मी बाबांकडे गेले, म्हटलं, तुम्ही सांगा त्याला. आई गेल्यावर मला वाढवलं त्यांनी, वेणीसुद्धा घालायचे. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील. बाबा जाळ्याची गाठ मारत होते. मारतच राहिले. काही म्हणजे काही बोलले नाहीत.

मी आक्कांना माफ केलं, दादाला माफ केलं. बाबांना नाही.

१२ एप्रिल

भाविकला विचारलं, लग्नाची मूळ कॅसेट मिळेल का? फक्त आवाज. गाण्यांशिवाय. तो बघत राहिला, मग इतका खूश झाला की मलाच लाज वाटली. त्याला वाटलं मला लग्नाची आठवण येते. मी हो म्हटलं नाही, पण तसं नाही असंही म्हटलं नाही.

लगेच मोरू शूटिंगवाल्याला फोन लावला. फोनमधून मोरूचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाण्यांशिवाय कशाला, आवाज लय खराब हाय भाऊ, वहिनीला पायजे तर नवी गाणी टाकून देतो!

१३ एप्रिल

मोरू म्हणतो, हळदीच्या कॅसेटवर कुणाच्या तरी वास्तुशांतीचं शूटिंग घेतलं. पुसली गेली. शूटिंगवाले असंच करतात, एका लग्नावर दुसरं. दुसऱ्या दिवसाची बघून सांगतो.

१५ एप्रिल

वल्लरीचा पुन्हा फोन. मी म्हटलं, बघू. माझ्याच तोंडून! फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

१७ एप्रिल

पाच नंबर. ही कुणीतरी गर्दीत बसून, जाकिटात टेप लपवून भरलेली. बँड लांबून, ओल्या गोधडीतून आल्यासारखा. कॉलेजात मी ही सगळ्यात वाईट ठरवली होती. आता सातनंतर हीच. टेपवाल्याच्या शेजारी दोन मुली बसल्यात आणि पूर्ण वेळ बोलतात. एकीला चप्पल लागतेय. दुसरी म्हणते काढून टाक. ती म्हणते, हरवली तर घरी काय सांगू? तिकडे गिटार नुसती पेटलीय आणि ही चपलेच्या काळजीत!

हे ऐकायचं म्हणजे एक युक्ती लागते. गाण्याकडे लक्षच द्यायचं नाही. गाणं आपोआप मागे सरकतं आणि खालचं वर येतं. मला यायला सहा महिने लागले.

२० एप्रिल, गुरुवार

लग्नाला तीन वर्षं. भाविकने साडी दिली, आणि साडीत गुंडाळून एक कॅसेट! पाठवणीच्या दिवसाची निघाली. ती मोरूच्या कॅमेऱ्यात अडकून चुरगळली होती म्हणून बाजूला पडली आणि वाचली. त्याने पेनाने गुंडाळून, कापून, जोडून आवाज उतरवून दिला. भाविक स्वतः दोनदा भिवंडीला गेला त्यासाठी. ट्रकांची घाई सोडून.

वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं सगळं.

कॅसेटवर मी १५ लिहिलं.

२१ एप्रिल

पंधरा नंबरबद्दल मत:

सुरुवात वाईट. मंडपाच्या पंख्याची घरघर. भटजींचा माइक शिट्ट्या मारतो. पण मग पाठवणीला बँजो पार्टी सुरू होते आणि – मी खोटं सांगत नाही – माझ्या चौदांपैकी निम्म्यांना खाऊन टाकेल! ऑक्टोपॅडवाला पोरगा किंचित आधी पडतो, सतत, आणि ढोलवाला त्याला खेचून धरतो. त्या खेचाखेचीत सगळी मजा आहे. मोठा बँजो एका ठिकाणी सुटतो, चुकीची पट्टी, आणि थांबायच्या ऐवजी तीच चूक तो दुसऱ्यांदा मुद्दाम वाजवतो. मग तिसऱ्यांदा. मग ती चूकच चाल होऊन जाते. कमाल! आणि मी तिथे होते. हार घालून, डोळे पुसत, दहा हातांवर.

सहा वेळा ऐकली. सेल संपले. भिंतीवरच्या कॅलेंडरवाल्या घड्याळाचा काढला.

शेवटी गाडीचं दार लागतं. बँजोवाले अगदी गाडीला चिकटून वाजवतायत, ते तसंच असतं, पाठवणीला जोर दाखवायचा. त्या कल्लोळाखाली एक पुरुषाचा आवाज आहे. जवळचा. मोरूचा नाही.

२२ एप्रिल

बाबांचा आहे.

मला आता आठवतं. ते गाडीच्या खिडकीशी आले होते. वाकले होते. ओठ हलले. बँजो कानात, रडून डोकं जड. मला काही कळलं नव्हतं. मी धरून चालले होते, नीट राहा, मोठ्यांचं ऐक, सगळे बाप तेच सांगतात.

'...ये गो...' आणि शेवटी '...हाय.' एवढंच लागतं.

२३ एप्रिल

पुन्हा पुन्हा. मधे ऑक्टोपॅड अंगावर येतो. कॅसेट झिजेल या भीतीने दिवसाला दहादाच ऐकायची असं ठरवलं. पंचवीसदा ऐकली.

आता मला कळतं लोक आवाज साफ का करून घेतात. मी वल्लरीला म्हणायचे, खरखर काढू नये, खरखरीतच सगळं असतं. चूक. कधी कधी खरखरीखाली माणूस असतो.

२५ एप्रिल, मंगळवार

आज अकलोली. आक्कांचा नवस. गरम कुंडात पाच मंगळवार आंघोळ, मग वज्रेश्वरीला ओटी. हा तिसरा. अजून मूल नाही म्हणून. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, आक्का म्हणतात देवी बघेल.

पाणी इतकं कढत की पाय घालताना श्वास अडकतो. बायकांचा कलकलाट. मी सवयीने ऐकत राहिले, कोण काय बोलतंय. एकीचा जावई, एकीचा गुडघा. आणि आक्का माझ्या शेजारी पाण्यात गळ्यापर्यंत बसून, डोळे मिटून, एकदम म्हणाल्या, त्याही एकदा पळून माहेरी गेल्या होत्या. लग्नानंतर वर्षाने. दोन दिवस राहिल्या. 'तिसऱ्या दिवशी बापाने हात धरून आनून सोरली. दारान पन आला न्हाय. रस्त्यावरूनच गेला.'

मी विचारलं, का पळाला होतात? म्हणाल्या, आता आठवत नाही. मग माझ्या पाठीवर पाणी ओतलं.

येताना गाडीत त्या झोपल्या. डोकं माझ्या खांद्यावर. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. तीस वर्षांनी मलाही आठवणार नाही, मला काय हवं होतं ते.

२६ एप्रिल

बाबांनी काय सांगितलं असेल? सांभाळून राहा. आता तेच घर तुझं. दुसरं काय सांगणार! उगीच कान फोडून घेतेय. ज्या माणसाने जाळ्यावरून मान वर केली नाही, तो खिडकीशी येऊन काय निराळं बोलणार?

तरी ऐकली.

२८ एप्रिल

हॉलमधल्या डेकवर लावली. चारला लाइट आल्याबरोबर. डेकला खालीवर होणारी बटणं आहेत सात, कुणी कधी हात लावला नाही त्यांना. ढोल खाली राहतो, म्हणून खालची दोन पाडली. बँजो वर किंचाळतो, म्हणून वरची दोन पाडली. माणूस मधे बोलतो. मधली तीन पूर्ण वर.

बँजो पार्टी घरभर घुमली. आक्का भाजी निवडता निवडता मान हलवायला लागल्या. सासरे आतून आले, म्हणाले, आपलीच पार्टी का ही, मस्त वाजवतायत. भाविकसुद्धा आला आणि सोफ्याच्या हातावर ऑक्टोपॅड वाजवायला लागला. सगळे खूश. आणि मी डेकसमोर जमिनीवर बसून गाण्याकडे लक्ष न देण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते.

चालीची चूक, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग चाल बदलायला बँजोवाला दीड सेकंद थांबतो. त्या दीड सेकंदात सुरुवात आहे. उरलेलं खाली होतं, पण एकदा धागा सापडल्यावर सगळं वर आलं.

'न्हाय जमला तं ये गो. कोनाला इचारू नको. मी हाय.'

मी कॅसेट बंद केली. भाविक म्हणाला, अरे, चालू दे ना.

२९ एप्रिल

मला हवं होतं म्हणून ऐकू आलं का? आपण जे शोधतो तेच सापडतं कधी कधी. आज पाच वेळा पडताळून पाहिलं. मुद्दाम दुसरे शब्द मनात धरून ऐकलं – नीट राहा गो, कोनाला दुखवू नको. नाही बसत. 'इचारू' स्पष्ट आहे. 'न्हाय जमला' अगदी स्पष्ट.

३ मे

तीन दिवस काही लिहिलं नाही. रागच राग. बाबांवर नाही – म्हणजे बाबांवर पण! एवढं बोलायचं होतं तर अंगणात, सात माणसं वाजवत असताना? आदल्या दिवशी घरात शांतता नव्हती का? नंतर तीन गणपती गेले, तीन भाऊबीजा. बरी हाय ना, एवढंच? एकदा बोलून विसरून गेले का? की तेव्हा गहिवरून आलं म्हणून बोलले आणि आता मी गेले तर आक्कांच्या बापासारखे हात धरून आणून सोडतील?

शब्द तीन वर्षांपूर्वीचे आहेत. लाइव्ह आहेत म्हणून आज खरे आहेत असं थोडंच आहे? ते मला कुठलीही कॅसेट सांगणार नाही.

५ मे

अकरा नंबर लावली. पावसातली. माइक तडतडतात, कुणी तरी सारखं सांगतं की खांबावरून खाली उतरा. कुणी उतरत नाही. बँड वाजवतोच. नेहमी अंगावर काटा येतो, आज नुसती ऐकली. सेल संपायच्या आत मीच बंद केली.

८ मे, सोमवार

वल्लरीला फोन केला. हॉलमधूनच. आक्का समोर होत्या. 'मी येतेय, पंधराला,' असं म्हणाले, नेहमीच्या आवाजात. फोन ठेवला. आक्कांनी निवडायची मेथी बाजूला केली आणि आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. जेवताना मात्र माझ्या ताटात वाढायचं चुकलं नाही.

९ मे

भाविक आज 'बघू' म्हणाला नाही. म्हणाला, घरातून हे जमणार नाही, आईला तू ओळखतेस. मी म्हटलं, म्हणून मी अंजूरला जाऊन राहणार, तिथून ठाण्याला जाईन. तो म्हणाला, तुझ्या बाबांना विचारलंस? मी म्हटलं, नाही.

कुणाला विचारलंच नाही.

१२ मे, शुक्रवार

आज निघाले. गाडी नको म्हटलं. सासरे घरातून बाहेरच आले नाहीत. आक्का दारापर्यंत आल्या, डोळे कोरडे. म्हणाल्या, दोन दिवसांत येशील, मला ठाऊक हाय. त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांच्या वेळी तसंच झालं होतं.

भाविकने पिशवी रिक्षापर्यंत आणली. कॅसेटींचा डबा वेगळा त्याच्या हातात होता, जपून धरलेला. रिक्षा सुरू झाली तरी सोडेना. मग दिला. परत कधी, म्हणाला. मी म्हटलं, तू ये ना भेटायला. त्याने मान हलवली. रडू नको असं स्वतःला सांगत मी नाक्यापर्यंत गेले. मग रडले.

बाबा ओटीवर नव्हते. मागे केळीला पाणी घालत होते. पिशवी बघितली, माझ्यामागे कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं आणि आत जाऊन काशीवहिनीला सांगितलं, भात जास्त टाक. धनेशदादा रात्री उशिरा आला, तोंड वाकडं करून झोपला.

माझी कॉट तिथेच होती. वर चादर स्वच्छ.

१४ मे, अंजूर

आज धीर करून विचारलं. गाडीशी एकदा बोललात, मग तीन वर्षांत पुन्हा एकदाही का नाही?

बाबा म्हणाले, 'तू मुंडी हालवली व्हतीस. मना वाटला, आयकलास.' मग जाळं पुढ्यात ओढलं. 'आली न्हायस. मी समजलो, पोर सुखात हाय.'